ट्रक चालवायचाय: एलएमव्ही-टीआर, एमजीव्ही, एचजीव्ही की ट्रान्स? नक्की कुठला वर्ग काढायचा?

नवा_गिअर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मालवाहतुकीचं लायसन्स काढायचं आहे आणि वर्ग कुठला निवडायचा इथेच अडलंय.

वय २१, महाराष्ट्रात राहतो. गिअरची दुचाकी आणि एलएमव्ही (कारसारखी हलकी गाडी), दोन्हींची लायसन्सं पक्की. एलएमव्ही मिळून १४ महिने झाले. शिक्षण सातवी. काम सुरुवातीला पिकअप आणि टाटा ४०७ (छोटा ट्रक) वर आहे, सहा-आठ महिन्यांनी दहाचाकी, आणि जमलं तर पुढे पेट्रोल-डिझेलचा टँकर.

एजंट म्हणतो, पिवळी पाटी, म्हणजे धंद्याच्या गाडीची नंबरप्लेट, आली की साधं एलएमव्ही चालत नाही. आधी एलएमव्ही-टीआर (हलकी ट्रान्सपोर्ट गाडी) काढा, वर्षाने एमजीव्ही (मध्यम मालवाहू), त्यानंतर आणखी वर्षाने एचजीव्ही (अवजड मालवाहू). शिवाय बॅज लागेल, आणि आठवी पासचा दाखला नसेल तर 'सोय' करावी लागेल. यातलं खरं किती? आणि माझ्या कामाला नेमकं काय काढायचं?

---

वजनकाटा

पाटीचा रंग बाजूला ठेवा. चाकंही मोजू नका. गाडीचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) हातात घ्या आणि त्यावर एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, किती लिहिलंय ते बघा. रिकामी गाडी अधिक तिच्यावर जास्तीत जास्त जेवढा भार मंजूर आहे तो, असा हा आकडा. मालगाडीच्या बाबतीत लायसन्सचा वर्ग याच्यावरच ठरतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर ती हलकी गाडी, म्हणजे एलएमव्ही. १२,००० किलोच्या वर असेल तर अवजड मालवाहू. मधली सगळी मध्यम. 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा आहे, बरोबर ७,५०० सुद्धा हलक्यातच मोजतात. काही मॉडेलांचं एकूण वजन ७,४९० किलोवर थांबवलेलं दिसतं, ते या रेषेमुळेच.

इथे एक चूक फार होते. आरसीवर दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. कार, ट्रॅक्टर आणि रोडरोलरसाठी कायदा रिकामं वजन धरतो, मालगाडीसाठी भरलेलं. ११ टनांची गाडी रिकामी असताना साडेसातच्या बरीच खाली भरते. ते बघून 'ही तर एलएमव्हीत बसते' असं कोणी म्हणालं, तर तो चुकीची ओळ वाचतोय.

मॉडेलच्या नंबरावरून अंदाज घेता येतो. टाटाच्या गाड्यांत पहिले आकडे साधारण एकूण टन आणि शेवटचे दोन हॉर्सपॉवरचे दशक. ४०७ म्हणजे चार टन, ७० हॉर्सपॉवर. ११०९ म्हणजे अकरा टन, ९०. ४८२५ म्हणजे अठ्ठेचाळीस टन, २५०. पण हा अंदाजच. ४०७ नावाखाली वेगवेगळ्या वजनांच्या गाड्या येऊन गेल्या आहेत, त्यामुळे आरसी वाचल्याशिवाय बोलू नका.

आता पिवळ्या पाटीचं. एजंट जुनं सांगतोय. सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सांगितलं, की साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, त्यावर वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. विमा कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभादेवी खटल्यात तोच निकाल कायम केला. ट्रान्सपोर्टच्या जास्तीच्या अटी साडेसात टनांवरच्या गाड्यांनाच लागू होतात, हेही त्यात स्पष्ट झालं. दोन ठिकाणी मात्र वेगळे नियम कायम आहेत: ई-रिक्षा, ई-कार्ट, आणि धोकादायक माल. दुसऱ्याचा तुमच्या टँकरशी थेट संबंध आहे.

तेव्हा पिकअप आणि ४०७ साठी तुमच्याकडचं एलएमव्ही पुरतं. एलएमव्ही-टीआर काढून पैसे घालवू नका.

वर्षावर वर्ष चढणारी शिडीही आता नाही. मध्यम आणि अवजड हे लायसन्सचे वेगवेगळे वर्ग १९९४ च्या दुरुस्तीने गेले. त्यांच्या जागी एकच वर्ग आला, 'ट्रान्सपोर्ट व्हेइकल'. कार्डावर तो 'ट्रान्स' असा दिसतो. जुन्या कार्डांवर एचजीव्ही, एमजीव्ही अजून दिसतात, म्हणून लोकांच्या तोंडात ते शब्द राहिलेत. तुम्हाला थेट ट्रान्सचं लर्निंग काढता येतं. अटी दोनच: वय २० पूर्ण आणि एलएमव्हीचं पक्कं लायसन्स मिळून एक वर्ष. तुमचं दोन्ही बसतं. वर्ष मोजायचं ते एलएमव्ही मिळाल्याच्या तारखेपासून, दुचाकीच्या नाही. कार्डावर प्रत्येक वर्गापुढे त्याची स्वतःची तारीख असते, ती बघा.

बॅज प्रवासी वाहनाच्या चालकाला लागतो, रिक्षा, टॅक्सी वगैरे. मालाच्या ट्रकला बॅज नाही. आणि आठवी पासची अट केंद्र सरकारने २०१९ मध्येच काढून टाकली. दाखल्याची 'सोय' करायला कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून उठा. नसलेल्या अटीसाठी खोटा कागद जोडला तर गुन्हा मात्र खरा होतो.

---

फॉर्म_पाच

वरचं सगळं बरोबर. मी कागदांचा क्रम सांगतो, कारण अर्ज परत येतात ते बहुतेक क्रम चुकल्यामुळे.

आधी शाळा ठरवा, मग लर्निंग काढा. लोक नेमकं उलटं करतात. ट्रान्सपोर्टसाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ५, कायद्यानेच सक्तीचं आहे. कारच्या लायसन्सला 'घरच्या गाडीवर शिकलो' चालून जातं, इथे नाही. लर्निंगची मुदत सहा महिने. आधी लर्निंग काढून ठेवलं, शाळेत हेवी गाडी दुरुस्तीला गेलेली, मग चाचणीची तारीख लांबची मिळाली, असं करत मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शाळेत पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न फीचा विचारू नका. 'तुमच्या परवान्यात हेवी शिकवायला मान्यता आहे का, आणि गाडी कुठे उभी आहे?' हे विचारा. बऱ्याच शाळांची मान्यता कार आणि दुचाकीपुरतीच असते, त्या दुसऱ्या शाळेचा फॉर्म ५ आणून देतात. अशा कागदावर शाळेचा नंबर एक, शिकवलेली गाडी दुसऱ्याचीच, आणि आरटीओत कोणी नीट बघितलं की अर्ज तिथेच थांबतो. फॉर्म ५ वर तारखाही तपासून घ्या. प्रशिक्षण सुरू झाल्याची तारीख लर्निंग मिळाल्याच्या आधीची असेल तर तो कागद स्वतःच सांगतो, की तुम्ही विनापरवाना शिकत होता.

शाळा पक्की झाली की सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर लर्निंगचा अर्ज करा. तुमच्या चालू लायसन्सचा नंबर टाकून 'ट्रान्स' वर्ग निवडायचा. लायसन्स जुनं पुस्तकी असेल आणि पोर्टलवर सापडत नसेल तर आधी आरटीओत जाऊन त्याची नोंद करून घ्यावी लागते, घरी बसून कितीही वेळा नंबर टाकला तरी येणार नाही. आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, आडनाव आधी की नंतर, एवढ्यावर अर्ज अडकतात. हे आधी सरळ करा.

वैद्यकीय प्रमाणपत्र फॉर्म १ए मध्ये, नोंदणीकृत डॉक्टरकडून. कारच्या वेळी चाळिशीच्या आत असाल तर स्वतःच्या सहीचा फॉर्म १ पुरतो, पण ट्रान्सपोर्टला वय कितीही असो, १ए लागतोच. डोळ्यांची तपासणी मनापासून करून घ्या. स्वच्छ उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, चष्मा असेल तर चष्म्यासकट. रंग ओळखण्याचा सौम्य किंवा मध्यम दोष असेल तर आता लायसन्स मिळतं, तीव्र असेल तर नाही. रातांधळेपणा लपवून हेवी चालवायला निघालात तर दुसऱ्याच्याही जिवाशी खेळ होतो.

लर्निंग हातात आल्यापासून ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय चाचणीला बसता येत नाही. शिकताना शेजारी त्या वर्गाचं चालू लायसन्स असलेला प्रशिक्षक हवा, आणि तोही गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल': पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. कागदाच्या चिठोऱ्यावर पेनाने काढलेला 'एल' त्यात बसत नाही.

केंद्रीय नियमांप्रमाणे फी: लर्निंग १५० रुपये, त्याची चाचणी ५०, गाडी चालवण्याची चाचणी ३००, नवा वर्ग जोडायचे ५००, लायसन्सचे २००. बेरीज १,२०० रुपये, त्यावर सेवाशुल्क वगैरे थोडं. त्यापुढे जे काही मागितलं जातं ते शाळेचं किंवा एजंटचं असतं. शाळेला तिच्या शिकवण्याचे द्या. एजंटला कशाचे द्यायचे, हे तुम्ही ठरवा.

---

नवा_गिअर

दोघांचे आभार, आता चित्र स्पष्ट झालं. तीन गोष्टी अजून. पिकअप एलएमव्हीवर चालते तर ट्रान्स आत्ताच काढू की दहाचाकी हातात येताना? मोठ्या ट्रेनिंग सेंटरला गेलं तर आरटीओची चाचणी नसते म्हणतात, ते खरं का? आणि चाचणीत नक्की काय करायला लावतात?

---

वजनकाटा

आत्ताच काढा. शाळा, ३० दिवस, चाचणीची तारीख, कार्ड येणं, यात दोन-तीन महिने सहज जातात. मालकाने एक दिवस 'आज दहाचाकी घेऊन जा' म्हटलं आणि कार्डावर ट्रान्स नसलं, तर तुम्हाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८१ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि गाडी दिली म्हणून मालकालाही कलम १८० खाली तसंच. खरा फटका अपघात झाल्यावर कळतो. अशा वेळी जखमींना किंवा मृताच्या घरच्यांना भरपाई आधी विमा कंपनीने द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयं देतात. ती रक्कम लाखांत असते. म्हणून 'एवढ्या एका फेरीला काय होतंय' म्हणणारा मालक तुमच्याइतकाच स्वतःलाही खड्ड्यात घालत असतो.

---

फॉर्म_पाच

सेंटरचं खरं आहे, पण सगळ्या सेंटरना ते लागू नाही. २०२१ पासून 'मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र' असा वेगळा प्रकार नियमांत आला. तिथून मिळतो तो फॉर्म ५बी, आणि तो असेल तर आरटीओची चालवण्याची चाचणी माफ. साध्या शाळेच्या फॉर्म ५ ला ही सूट नाही. दोन्ही कागद दिसायला सारखेच आणि नावात एका अक्षराचा फरक, म्हणून पैसे भरण्याआधी विचारा, 'प्रमाणपत्र ५ मिळणार की ५बी?'

मध्यम आणि अवजड गाडीसाठी या केंद्रातला अभ्यासक्रम ३८ तासांचा, सहा आठवड्यांच्या आत पूर्ण करायचा. तिथे सिम्युलेटर आणि स्वतःचा चाचणी मार्ग असतो, शेवटी केंद्रच परीक्षा घेतं. म्हणजे 'चाचणी नाही' असं नाही, ती दुसरीकडे होते आणि नीट होते. तुमच्या आवाक्यात असं केंद्र असेल तर तिकडेच जा. पुण्याजवळ भोसरीला सीआयआरटीची (केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेची) चालक प्रशिक्षण संस्था आहे, मोठ्या गाड्यांचं प्रशिक्षण तिथेही चालतं. आत्ता काय देतात, कुठलं प्रमाणपत्र, ते आधी विचारून घ्या.

चाचणीला नेलेल्या गाडीचेही कागद बघतात: विमा, फिटनेस, पीयूसी, कर. शाळेची गाडी असली तरी आदल्या दिवशी तारखा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, फिटनेस संपलेल्या गाडीमुळे तुमची तारीख वाया जाते. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा नापास झालात तर पुढचे ६० दिवस थांबा, आणि आता त्यात शाळेत पुन्हा शिकण्याचीही अट आहे.

---

घाटउतार

चाचणीबद्दल सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १५ मध्ये काय काय करून दाखवायचं त्याची यादीच आहे. हेवीला माणसं अडकतात ती त्यातल्या तीन ठिकाणी: चढावर थांबवून गाडी जराही मागे न घसरता उचलणं, उताराला झटकन खालच्या गिअरमध्ये येणं, आणि मागे घेत घेत डाव्या किंवा उजव्या अरुंद जागेत गाडी घालणं. तिन्हींत कारची सवय आड येते.

एअर ब्रेक नीट समजून घ्या, कारण कारमध्ये असलं काहीच नसतं. मोठ्या गाडीत ब्रेक हवेवर चालतात. इंजिन चालू झालं की कॉम्प्रेसर टाक्या भरतो. डॅशबोर्डवर हवेच्या दाबाचे दोन काटे किंवा दोन आकडे असतात, पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या वेगळ्या मंडलांचे. दोन्ही ७–८ बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास किंवा त्याहून वर जाईपर्यंत गाडी हलवायची नाही. साधारण ५ बारच्या खाली असताना बझर वाजत राहतो, तो बंद होईपर्यंत थांबायचं. पार्किंग ब्रेकचं तर कारच्या अगदी उलट: तिथे हवा ब्रेक लावत नाही, सोडते. मागच्या चाकांवर जाड स्प्रिंग असते, ती कायम ब्रेक दाबून धरते. हवा भरली की स्प्रिंग मागे रेटली जाते आणि चाक मोकळं होतं. म्हणून हवा गळाली की गाडी जागच्या जागी जखडते. अशा वेळी गिअर टाकून ओढायला गेलात तर क्लच जळतो, गाडी हलत नाही. आधी काटा बघा.

चाचणीआधी टाक्यांच्या तळाचे ड्रेन व्हॉल्व्ह ओढून पाणी काढायला शिका. दाबलेल्या हवेत ओल असते, ती टाकीत साठते. पावसाळ्यात तर रोज बघावं. पाणी लाईनमध्ये गेलं की व्हॉल्व्ह गंजतात आणि ब्रेक उशिरा लागतो. निरीक्षक 'गाडी सुरू करण्याआधी काय बघाल?' असं विचारतात तेव्हा 'तेल, पाणी, टायर' एवढंच सांगून बहुतेक जण थांबतात. त्यात हवा आणि ड्रेनही सांगा.

चढावर उचलताना: पार्किंग ब्रेक लावलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडत न्या. इंजिनाचा आवाज जड होतो आणि केबिनचं नाक किंचित उचललं जातं, तो क्षण पकडा. तेव्हाच पार्किंगचा खटका सोडा. ब्रेक पूर्ण सुटायला अर्धा-एक क्षण लागतो, हवेला स्प्रिंग मागे रेटायला वेळ हवा. कारचा हँडब्रेक सोडताक्षणी सुटतो, त्या सवयीने एकदम रेस दिली की गाडी झटका खाऊन बंद पडते.

उताराचं साधं सूत्र: जो घाट ज्या गिअरमध्ये चढलात, तो त्याच गिअरमध्ये किंवा एक खालच्यात उतरा. गिअर उतार लागायच्या आधी टाका. उतारावर वेग आल्यानंतर खालचा गिअर घ्यायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. एग्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा) असेल तर तो वापरा. पायाचा ब्रेक सतत हलका दाबून ठेवला की ड्रम तापतात, लायनर जळल्याचा वास येतो आणि मग पाय तळाला गेला तरी गाडी धरत नाही. ठामपणे दाबा, वेग उतरवा, सोडा, ड्रमला निवायला वेळ द्या. आणि ब्रेकवर पाय सारखा आपटू नका. दर वेळी टाकीतली हवा खर्च होते, लांबच्या उतारावर कॉम्प्रेसरला ती पुन्हा भरायला सवड मिळत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला तर आताची इंजिनं डिझेल जवळपास घेतच नाहीत, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यापुरतं घेतात. म्हणजे वाचत काही नाही आणि इंजिनाचा रोध जातो.

वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात. लांब गाडीत हा फरक इतका असतो की पुढचा टायर रस्त्याच्या मधून गेला तरी मागचा फुटपाथवर चढतो किंवा आतल्या दुचाकीवाल्याला चिरडतो. आधी सरळ पुढे जा, मग वळवा, आणि डावा आरसा सोडू नका.

पुढे ट्रेलर चालवायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. कायद्याच्या यादीत ट्रेलरला वेगळं अक्षर नाही, तो ट्रान्सपोर्टमध्येच येतो. पण मागे घेताना स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपटी उजवीकडे जाते. कार्ड तेच असलं तरी हे वेगळं शिकायला लागतं. रिकाम्या मैदानात, दोन ड्रम उभे करून, आधी नुसतं सरळ रेषेत मागे घ्यायला शिका. तेच सर्वात अवघड आहे.

---

तीन_वाय_ई

टँकरचं राहिलं, ते पूर्ण करतो.

पेट्रोल, डिझेल, एलपीजी, ॲसिड असा माल नेणाऱ्या चालकाला त्याच केंद्रीय नियमांतला नियम ९ लागतो. ट्रान्सपोर्ट लायसन्स हवं, आणि त्यावर धोकादायक मालाची वेगळी नोंद हवी. ही नोंद मिळण्यासाठी राज्याने मान्य केलेल्या संस्थेत तीन दिवसांचा कोर्स करावा लागतो: बचावात्मक ड्रायव्हिंग, पुढच्या पातळीचं वाहनकौशल्य, आणि मालाची सुरक्षितता. प्रमाणपत्र घेऊन आरटीओत अर्ज, तिथे नोंद.

आता शिक्षणाचं. आठवीची अट गेली हे खरं, पण नियम ९ मध्ये वेगळी अट आहे आणि ती कायम आहे: एक भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता आल्या पाहिजेत. यात पदवीचा काही संबंध नाही. टँकरवरच्या पाट्या आणि गाडीत ठेवायचं आपत्कालीन माहितीचं कार्ड वाचता यावं एवढ्यासाठी आहे. पेट्रोलच्या टँकरवर नारिंगी पाटीवर '३वायई' आणि '१२०३' असं दिसतं. १२०३ हा पेट्रोलचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक. ३वायई मधला ३ सांगतो की आग फेसाने विझवा, 'वाय' सांगतो की श्वसनाचं साधन घाला आणि सांडलेलं गटारात जाऊ देऊ नका, आणि शेवटचा 'ई' म्हणजे आजूबाजूची माणसं हलवण्याचा विचार करा. कलंडलेल्या टँकरजवळ पहिला जाणता माणूस चालकच असतो. फायर ब्रिगेडला फोनवर १२०३ हे चार आकडे नीट सांगता आले तर ते योग्य सामान घेऊन निघतात. सातवी झालीय म्हणालात, मग इंग्रजी अक्षरं येतच असतील. कोर्सच्या आधी महिनाभर गाड्यांवरच्या पाट्या वाचायचा सराव करा, पुरेल.

एक सापळा तुमच्या पहिल्याच कामात असू शकतो. पिकअप एलएमव्हीवर चालते हे वर आलंच आहे. पण त्याच पिकअपमध्ये गॅस सिलिंडरची फेरी लावली तर ती धोकादायक माल झाली. तिथे साडेसात टनांची सवलत कामी येत नाही. मालक सहज म्हणेल, 'आज गॅस एजन्सीची गाडी तू घे.' नोंद नसेल तर नाही म्हणा.

---

नवा_गिअर

सिलिंडरचं ध्यानातच आलं नव्हतं. शेवटचं: ट्रान्स आणि धोकादायक मालाची नोंद घेतल्यावर कारच्या लायसन्सची मुदतही कमी होते का? तसं ऐकलंय.

---

फॉर्म_पाच

नाही. कार्डावर मुदतीच्या दोन तारखा छापलेल्या असतात, 'एनटी' (नॉन-ट्रान्सपोर्ट) आणि 'टीआर' (ट्रान्सपोर्ट). एनटी ही दुचाकी आणि एलएमव्हीची. तिशीच्या आत काढलंय तर ती वयाच्या ४० वर्षांपर्यंत. टीआर ही ट्रान्सची, पाच वर्षं. २०१९ च्या दुरुस्तीआधी ती तीन वर्षांची होती, म्हणून जुने चालक अजून तीन सांगतात. टीआर संपली तरी एनटी चालू राहते, म्हणजे त्या काळात कार आणि ४०७ चालवता येईल, दहाचाकी नाही. धोकादायक मालाच्या नोंदीची मुदत तीन वर्षं आणि नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी. तिसरी तारीख झाली ही, आणि सर्वात आधी हीच संपते. फोनमध्ये टाकून ठेवा.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरत असत, ती सवलत आता राहिलेली नाही. संपलं त्या रात्री बारानंतर तुम्ही विनापरवाना आहात, गाडी रस्त्यात कुठेही असो. आणि संपून वर्षाच्या वर गेलं तर पुन्हा चाचणी. लांबच्या फेऱ्या करणाऱ्याची तारीख नेमकी बाहेर असताना येते, म्हणून दोन महिने आधी नवा फॉर्म १ए करून अर्ज टाकून द्या. कार्ड घरी पोचेपर्यंत डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स दाखवलं तरी चालतं. फक्त नवी टीआर तारीख तिथे दिसायला लागली आहे का, ते निघण्याआधी उघडून बघा.